अनेक मेंदू, एक नकाशा

1928 साली इरावती कर्वे पुण्याहून बर्लिनला गेल्या. तिथे त्यांनी ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएच.डी.साठी काम सुरू केले. विषय होता माणसाच्या कवटीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंतली असमानता. वरवर कोरडा दिसणाऱ्या या विषयाच्या पोटात एक मोठा दावा होता. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवणच वेगळी असते, म्हणून त्याची तर्कबुद्धी वरचढ असते, असा तो दावा. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या, आकडे लावले आणि वंशाचा व असमानतेचा संबंध आढळत नाही असे लिहून दिले. परका देश, परकी भाषा, नाझी सत्तेवर येण्याच्या आधीची ती वर्षे आणि समोर त्याच दाव्यावर भरवसा ठेवणारा मार्गदर्शक. अशा वेळी ‘संबंध आढळत नाही’ हे तीन शब्द लिहायला मोजमापावर किती श्रद्धा हवी! मला तरी मराठी माणसाच्या विज्ञानातल्या कामगिरीत हे पान फार वरचे वाटते.

हे पुस्तक ज्या विषयावर आहे त्याची बीजे याच पानात आहेत. आज कवटीला कॅलिपर लावावा लागत नाही. जिवंत माणसाला एमआरआयच्या नळीत निजवून त्याच्या मेंदूचा आकार आणि त्याचे काम, दोन्ही मोजता येतात. पण मोजल्यानंतरचा प्रश्न तोच राहिला आहे. वीस, दोनशे किंवा वीस हजार माणसांच्या डोक्यांची मोजमापे हाती असताना ‘माणसाचा मेंदू असा असतो’ किंवा ‘या गटाचा मेंदू त्या गटाहून वेगळा असतो’ असे केव्हा म्हणता येते, आणि केव्हा म्हणता येत नाही? मेंदूच्या प्रतिमांचे समूहपातळीवरचे संख्याशास्त्र हे या एका प्रश्नाचे उत्तर शोधत गेली तीसपस्तीस वर्षे वाढले आहे. मराठीत त्यावर सलग असे काही माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा प्रयत्न.

आधी मोजमाप म्हणजे नेमके काय ते पाहू. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन देऊन टाकलेले हिमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात, आणि एमआरआय यंत्राला हा फरक टिपता येतो. सेइजी ओगावा यांनी बेल लॅब्जमध्ये 1990 साली हे दाखवले आणि 1992मध्ये ते माणसावर करून दाखवले गेले. यालाच फंक्शनल एमआरआय किंवा एफएमआरआय म्हणतात. यंत्र विचार पाहत नाही, पेशींतली वीजही पाहत नाही. ते रक्तातला बदल पाहते, आणि तो बदल कामाच्या मागून पाचसहा सेकंदांनी शिखर गाठतो. शिवाय तो एखाद-दुसऱ्या टक्क्याचाच असतो. साधारण तीन मिलिमीटर बाजूच्या घनाकृती तुकड्यांत मेंदू विभागला जातो. या तुकड्याला व्हॉक्सेल म्हणतात. दर दोनतीन सेकंदांना प्रत्येक व्हॉक्सेलचा एक आकडा येतो. अर्ध्या तासात एका माणसाचे काही कोटी आकडे जमतात.

आता दुसऱ्या माणसाला आत पाठवा. त्याचे डोके लहान, कपाळ रुंद, मेंदूच्या वळ्यांची ठेवण निराळी. पहिल्याचा अमुक क्रमांकाचा व्हॉक्सेल आणि दुसऱ्याचा त्याच क्रमांकाचा व्हॉक्सेल मेंदूतल्या एकाच जागी असतील याची काहीच खात्री नाही. म्हणून प्रत्येक मेंदू ताणून, दाबून, वळवून एका सामाईक साच्यावर बसवावा लागतो. हा साचा कोणाचा, हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. तालेराक आणि तूर्नू यांचा 1988चा ॲटलास जगभर वापरला गेला, आणि तो साठ वर्षांच्या एकाच स्त्रीच्या मेंदूवरून, तिच्या मृत्यूनंतर, तयार केलेला होता. नंतर मॉन्ट्रियलच्या संस्थेने 305 माणसांच्या प्रतिमांची सरासरी काढून साचा केला. त्यात 239 पुरुष आणि 66 स्त्रिया होत्या. आपल्याकडे हैदराबादच्या आयआयआयटीत जयंती शिवस्वामी यांच्या गटाने 2019मध्ये शंभर भारतीय तरुण-तरुणींच्या प्रतिमांवरून साचा बनवला. तो पाश्चात्त्य साच्यांपेक्षाच काय, चिनी आणि कोरियन साच्यांपेक्षाही आकाराने लहान निघाला. पुढच्या वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सने सहा ते साठ वर्षे वयाच्या भारतीयांसाठी वयोगटानुसार साचे दिले. गटाचा मेंदू आकाराने लहान म्हणून त्याची बुद्धी कमी, असे यातून निघत नाही, हे इरावतीबाईंच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण वडोदऱ्यातल्या आठ वर्षांच्या मुलाचा मेंदू मॉन्ट्रियलच्या तरुणाच्या साच्यावर ओढूनताणून बसवला, तर ती ओढाताणच पुढे ‘फरक’ म्हणून आकड्यांत शिरू शकते, आणि हा धोका खरा आहे.

इथून पुढे या पुस्तकाचा गाभा सुरू होतो.

मी वडोदऱ्यातल्या तरसालीत राहतो, म्हणून उदाहरणही इथलेच घेतो. दोन घरांची दहा वर्षांची महिन्यावारी वीजबिले कोणी माझ्यापुढे ठेवली, तर माझ्याकडे 240 आकडे होतील. त्यांवरून त्या दोन घरांबद्दल मला पुष्कळ सांगता येईल. पण ‘तरसालीतले घर सरासरी इतकी वीज वापरते’ असे सांगायला निघालो, तर माझ्यापाशी 240 नव्हे, दोनच घरे आहेत. आणखी दहा वर्षांची बिले आणली तरी घरे दोनच राहतात.

मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात सुरुवातीच्या काळात नेमकी हीच गल्लत होत असे. पाचसहा माणसे, प्रत्येकाचे शेकडो स्कॅन, आणि सगळे एकत्र करून काढलेला निष्कर्ष. कार्ल फ्रिस्टन आणि अँड्र्यू होम्स यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस हा भेद ठामपणे मांडला. फ्रिस्टन, होम्स आणि कीथ वॉर्सली यांच्या 1999च्या निबंधाचे शीर्षकच ‘किती माणसे म्हणजे एक अभ्यास?’ या अर्थाचे होते. त्यातले गणित अवघड नाही. समूहाच्या सरासरीतली अनिश्चितता दोन पदांची बेरीज असते. पहिले पद म्हणजे माणसामाणसांतले विचरण (मोजमापे सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचे माप) भागिले माणसांची संख्या. दुसरे पद म्हणजे एकाच माणसातल्या चढउताराचे विचरण भागिले एकूण मोजमापे. समजा माणसामाणसांतले विचरण 4 आहे, एकाच माणसातले 9 आहे, माणसे दहा आहेत आणि प्रत्येकाची शंभर मोजमापे आहेत. पहिले पद येते 0.4, दुसरे फक्त 0.009. प्रमाण त्रुटी म्हणजे या बेरजेचे वर्गमूळ. पहिले पद विसरलात तर ती 0.095 दिसते. ते धरलेत तर 0.64. म्हणजे खात्री जवळजवळ पावणेसात पट फुगलेली! दुसरे पद तासन्‌तास स्कॅन करून हवे तेवढे घटवता येते. पहिले पद कमी करायला नवी माणसेच आणावी लागतात, त्याला दुसरा उपाय नाही.

एकाच माणसातला चढउतार आणि माणसामाणसांतला फरक हा भेद मराठी संख्याशास्त्राला नवा नाही, हे मला इथे आवर्जून सांगायचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले पांडुरंग सुखात्मे नमुना-पाहणीच्या शास्त्रातले जगन्मान्य नाव. जागतिक अन्न आणि शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाची धुरा 1951पासून वीस वर्षे त्यांच्याकडे होती. तिथून पुण्याला परतल्यावर त्यांनी एक अवघड प्रश्न विचारला. निरोगी माणसाचे उष्मांकांचे सेवनसुद्धा दिवसागणिक, आठवड्यागणिक कमीजास्त होते आणि शरीर ते सांभाळून घेते. मग पाहणीत ज्याचा आकडा सरासरी गरजेच्या खाली आला, त्याला लगेच कुपोषित कसे ठरवायचे? तो आकडा माणसामाणसांतल्या फरकामुळे खाली आहे की त्या एका माणसाच्या नेहमीच्या चढउतारामुळे? यावर 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त पुण्याच्याच वि. म. दांडेकरांशी त्यांचा मोठा वाद झाला. सुखात्म्यांच्या हिशेबाने भुकेल्यांची संख्या कमी दिसते, हा आक्षेप गंभीर होता. त्या वादात कोण किती बरोबर, याचा निवाडा इथे करायचा नाही. पण ‘विचरण कोणते?’ हा प्रश्न लाखो लोकांच्या ताटाशी जोडलेला असू शकतो, हे त्या दोघांनी दाखवून दिले. मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने ते लेख शोधून वाचावेत. फ्रिस्टन आणि होम्स यांचा मुद्दा त्याला तिथे ओळखीच्या भाषेत भेटेल.

हेच दांडेकर 1951 साली इरावतीबाईंचे सहलेखक होते. महाराष्ट्रातल्या जातीजमातींच्या शरीरमापांवरचा त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने काढला. एकाच व्यवसायाच्या, एकाच नावाच्या जाती एकाच मुळातून फुटल्या असतील असे गृहीत धरता येत नाही, हे पुढे इरावतीबाईंचे प्रसिद्ध प्रतिपादन झाले. त्याच्या मागे ही मोजमापे होती. आणि त्याही आधी, 1920 साली, नागपूरच्या विज्ञान परिषदेत नेल्सन अनंदेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबीस यांना कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियनांची मोजमापे तपासायला सांगितले. त्या कामातून निघालेल्या विचाराला 1936मध्ये महालनोबीस अंतराचे रूप आले. दोन गट किती दूर आहेत हे अनेक मापे एकत्र धरून, त्यांचे परस्परसंबंध लक्षात घेऊन सांगणारे हे अंतर आज मेंदूच्या प्रतिमांतही रोज वापरले जाते. बिघडलेला स्कॅन बाजूला काढायला त्याच्याइतके हाताशी असलेले साधन क्वचितच असेल.

समूहाच्या चाचणीत प्रत्यक्ष जे होते ते साधे आहे. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक व्हॉक्सेलसाठी एक आकडा काढायचा, उदाहरणार्थ शब्द वाचताना आणि नुसत्या रेघा पाहताना आलेल्या संकेतांतला फरक. मग त्या आकड्यांची सरासरी शून्याहून खरोखर वेगळी आहे का हे पाहायला टी-चाचणी लावायची. ही चाचणी विल्यम गॉसेट यांनी गिनेसच्या मद्यनिर्मितीत काम करताना 1908 साली दिली. अडचण ही, की ती एकदा लावायची नसते. लाखभर व्हॉक्सेल असतील तर लाखभर वेळा लावायची असते. पाच टक्क्यांचा उंबरठा धरला, तर मेंदूत काहीही घडत नसताना सुमारे पाच हजार व्हॉक्सेल ‘पेटलेले’ दिसतील. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून, माणसांची छायाचित्रे दाखवून हेच सिद्ध केले. इतक्या चाचण्यांसाठी लागणारी दुरुस्ती न करता विश्लेषण केले तेव्हा त्या मृत मेंदूतही ‘क्रियाशील’ ठिपके आले. दुरुस्ती केल्यावर ते गेले. लोक हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. मला तो या विषयातल्या सर्वांत प्रामाणिक प्रयोगांपैकी एक वाटतो.

मग उंबरठा किती कडक ठेवायचा? पाच टक्क्यांना लाखाने भागले तर तो एक कोटीत पाच इतका होतो, आणि खरे परिणामही त्याखाली गाडले जातात. शिवाय शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांसारखेच वागतात, त्यामुळे लाख चाचण्या खऱ्या अर्थाने लाख नसतातच. मॅकगिल विद्यापीठातल्या कीथ वॉर्सलींनी 1992मध्ये यादृच्छिक क्षेत्रांची भूमिती या कामाला लावली आणि गुळगुळीत नकाशात निव्वळ योगायोगाने किती उंच शिखरे उगवतील याचा अंदाज बांधायला शिकवले. पुढे एकेका व्हॉक्सेलऐवजी लागून असलेल्या व्हॉक्सेलांचे पुंजके तपासण्याची पद्धत रूढ झाली. 2016मध्ये आंदेर्स एकलुंड, टॉमस निकोल्स आणि हान्स क्नुट्सन यांनी 499 निरोगी माणसांचे विश्रांतीतले स्कॅन घेतले, त्यांचे मनमानी गट पाडले आणि लाखो वेळा गटांची तुलना केली. फरक असण्याचे कारणच नव्हते. तरी काही ठरावीक रीतींत पाच टक्क्यांऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंत ‘फरक’ सापडले. पुंजका ठरवायचा सुरुवातीचा उंबरठा सैल ठेवलेला असे, आणि व्हॉक्सेलांचे एकमेकांशी असलेले नाते गृहीत धरल्यापेक्षा जास्त दूरवर पोहोचलेले होते. उंबरठा कडक केला की ही सूज बरीच उतरते. प्रत्येक जुना निकाल चुकीचा असा याचा अर्थ नाही. पण प्रत्येक जुन्या निकालाला ‘पुंजका कसा ठरवला?’ हे विचारण्याचा हक्क वाचकाला तेव्हा मिळाला.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 108 माणसांचा एकच विदासंच सत्तर चमूंना देऊन तीच नऊ गृहीतके तपासायला सांगितली गेली. दोन चमूंनी नेमकी एकच वाट धरली असे झाले नाही, आणि काही गृहीतकांवर उत्तरे उघड विभागली. 2022मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की बुद्धिमापन किंवा मानसिक तक्रारी यांसारखे गुण मेंदूच्या मापांशी जोडायचे तर खात्रीलायक उत्तरासाठी हजारो माणसे लागतात. वीसपंचवीस माणसांत सापडलेला मोठा संबंध बहुतेक वेळा मोठा नसतोच.

आता आपल्याकडचे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या गटाने देवनागरी आणि इंग्रजी वाचनाचे एफएमआरआय अभ्यास केले आहेत. वर, खाली, आधी, नंतर लागणाऱ्या मात्रा वाचणाऱ्या मेंदूबद्दलचे प्रश्न इंग्रजी वाचणाऱ्यांवरून सुटणार नाहीत, म्हणून अशी कामे आपल्याला हवी आहेत, आणि ती मोठ्या संख्येने हवी आहेत. मोठी संख्या म्हणजे अनेक रुग्णालये, आणि अनेक रुग्णालये म्हणजे अनेक यंत्रे. कुठे दीड टेस्लाचा स्कॅनर, कुठे तीनचा, कंपन्या वेगळ्या, तंत्रज्ञांची सवय वेगळी. यंत्रायंत्रांतला फरक काढून टाकण्यासाठी जनुकशास्त्रातून आलेली कॉम्बॅट नावाची रीत 2017पासून मेंदूच्या प्रतिमांवर वापरली जाते, आणि ती चांगली आहे. मात्र सगळे रुग्ण वडोदऱ्याच्या एका यंत्रावर आणि सगळे निरोगी सुरतच्या दुसऱ्या यंत्रावर मोजले असतील, तर आजार कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होते हे कोणतीही रीत सांगू शकणार नाही. असा अभ्यास पहिल्या दिवशीच, आखणीच्या टेबलावर, हातचा गेलेला असतो. संख्याशास्त्रज्ञाला शेवटी नव्हे, सुरुवातीला बोलवा, ही माझी प्रत्येक डॉक्टरमित्राला कळकळीची विनंती आहे.

दुसरी विनंती पालकांसाठी. समूहाचा निकाल एका मुलावर चिकटवू नका. दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक असला, तर संशोधनाच्या भाषेत तो मध्यम आणि लक्ष देण्याजोगा फरक. पण त्या दोन गटांचे वक्र काढा, ऐंशी टक्के क्षेत्र एकमेकांवर पडलेले दिसेल. एखादा मेंदू दाखवून तो कोणत्या गटातला हे त्या एका मापावरून ओळखायला सांगितले, तर शंभरातली साठच उत्तरे बरोबर येतील. नाणे उडवूनसुद्धा पन्नास येतातच. पेपरात छापलेली लाल-पिवळी प्रतिमा हे साठ आणि पन्नास यांतले अंतर सांगत नाही, आणि कोणी स्कॅनवरून मुलाची अभ्यासातली गती किंवा स्वभाव सांगू लागला, तर हे अंतर किती आहे ते त्याला जरूर विचारा.

वडोदऱ्यात मराठीतून असे पुस्तक लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. 1890 साली इथे सुरू झालेल्या कलाभवनात तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेतून देण्याचा आग्रह होता, आणि महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या ग्रंथमालांतून शास्त्रीय विषयांवर मराठी-गुजराती पुस्तके निघत राहिली. इथले मराठी विद्यार्थी घरी मराठी, वर्गात गुजराती किंवा हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी अशा तीन वाटांनी शिकतात. त्यांनी निदान एकदा हा विषय पहिल्या वाटेने चालून पाहावा असे वाटते.

पुस्तक क्रमानेच वाचायची गरज ठेवलेली नाही. ज्यांना गणित नको त्यांनी साच्यांचे आणि उंबरठ्यांचे प्रकरण वाचून यंत्रांच्या प्रकरणाकडे जावे. विद्यार्थ्यांनी मात्र क्रमपर्यायांचे, म्हणजे पर्म्युटेशनचे, प्रकरण टाळू नये. ते संगणकाशिवाय सुरू करता येते. बारा माणसांचे, एकाच व्हॉक्सेलचे बारा आकडे तिथे दिले आहेत. परिणाम काहीच नसेल तर प्रत्येक आकड्याचे चिन्ह अधिक असो वा उणे, सारखेच संभवते. बारा चिन्हांच्या 4,096 मांडण्या होतात. त्यांतल्या पाचपंचवीस हाताने करून पाहाव्यात, प्रत्येक वेळी सरासरी काढून वहीत मांडावी, आणि मूळ सरासरी त्या रांगेत कुठे बसते ते पाहावे. उरलेल्या मांडण्या संगणकाला द्याव्यात. नंतर तेच काम सर्व व्हॉक्सेलांसाठी करून दर मांडणीतले सर्वांत मोठे मूल्य तेवढे जपून ठेवायचे असते. त्याची रीत पुढच्याच पानावर आहे.

तरसाली, वडोदरा